सहाव्या भागाचे एक्केचाळीस सेकंद

माणसाचे हसू मोजता येत नाही, असे थोर लोक सांगून गेले आहेत. ते मोजता येते. मी सव्वीस वर्षे मोजतो आहे आणि आजवरचे सगळ्यात लांब हसू एकोणीस सेकंद भरले. त्यातले शेवटचे दोन सेकंद खरे तर एका बाईंना ठसका लागला होता, पण तो हसण्यातूनच आलेला असल्यामुळे मी धरला.

मी संकलक आहे. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले सिनेमे कापतो. त्यातही आयुष्य गेले ते एकाच सिनेमाचे सात भाग कापण्यात. सिनेमाचे नाव ‘दोघांत एक स्कूटर’. तो काढणारे भाऊ हे माझे थोरले साडू. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. भाऊ मला ‘साडू’ म्हणतात, म्हणून सगळे युनिट मला साडू म्हणते. प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाला तर ते माझे आडनाव वाटायचे.

पहिला भाग आमच्या घरात घडलेलाच होता. सासऱ्यांनी दोन्ही जावयांत मिळून एक स्कूटर दिली. दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून आम्ही दोघे तिला किका मारत होतो. वीस भाऊंनी मारल्या, वीस मी. मोजून, कारण तेव्हापासूनच आमचा एकमेकांवर विश्वास नव्हता. चाळिसाव्या किकेनंतर सासरे गॅलरीत आले, शांतपणे खाली बघितले आणि म्हणाले, “किल्ली नेणार आहात, की तशीच शिकवताय तिला?”

भाऊंनी हे जसेच्या तसे पडद्यावर घेतले. तिथेच ते एकोणीस सेकंद आले.

आता हसू मोजायचे कशाला, तर जागेसाठी. विनोदानंतर लोक हसत असताना पुढचे वाक्य आले तर ते वाया जाते. म्हणून सिनेमा बाहेर पडण्याआधी एका मंगळवारी सकाळी अकराला थिएटरात चाचणीचा खेळ लावायचा, साठ-सत्तर माणसे बसवायची, आणि मी कडेच्या खुर्चीवर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बसायचे. वहीत रकाने: प्रसंग, सेकंद, आणि हसण्याचा प्रकार. प्रकार तीन. पोटातून, नाकातून आणि शेजाऱ्याकडे बघून. मग टेबलावर येऊन तेवढ्या सेकंदांची जागा सोडायची. किल्लीच्या वाक्यानंतर एकोणीस सेकंद भरायला माझ्याकडे काही नव्हते, म्हणून सासूबाई भांडे पुसताहेत असा एक वाया गेलेला तुकडा चिकटवला. पुढे एका समीक्षकाने त्या भांड्यात स्त्रीचे युगायुगांचे मौन पाहिले. भाऊंनी ते कात्रण पाकिटात ठेवले. मीही काही बोललो नाही; मौन मलाही जमते.

दुसरा भाग चांगला होता. तिसऱ्यात सासऱ्यांना तिसरी मुलगी निघाली, जी पहिल्या दोन भागांत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चौथ्यात दोन्ही साडवांच्या दुहेरी भूमिका होत्या, त्यामुळे चार साडू आणि तरीही एकच स्कूटर. पाचवा परदेशात घडला. परदेश आमच्या स्टुडिओच्या मागच्या बाजूला उभा केला होता आणि वारा सुटला की हलायचा. सहाव्यात स्कूटर बोलू लागली.

लोक म्हणतात, भाऊंचा विनोद आटला. हे खरे नाही. तो मी आटवला.

झाले असे. चाचणीच्या खेळाला भाऊ कधीच आत बसत नाहीत. थिएटरच्या कँटीनमध्ये दाराकडे पाठ करून बसतात आणि चहावर चहा घेतात. खेळ संपला की मी समोर जाऊन उभा राहतो. ते विचारत नाहीत, फक्त भुवया वर करतात. चौथ्या भागाच्या वेळी सगळ्यात लांब हसू चार सेकंदांचे होते, तेही नाकातून. मी समोर गेलो. भाऊंनी भुवया वर केल्या आणि त्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. मी म्हणालो, “नऊ.”

“कशाला?”

कशाला ते मी ठरवलेच नव्हते. तोंडाला आले ते बोललो. “सासऱ्यांच्या शिंकेला.”

पाच सेकंदांची लबाडी. पण भाऊ हा अभ्यासू माणूस. माझी वही ते घरी नेऊन गुणपत्रिकेसारखी वाचतात आणि पुढचा भाग त्यावरून लिहितात. पाचव्या भागात अकरा शिंका आल्या. त्यांना कोणी हसले नाही, पण आता नऊ खाली आणणार कसे? मी शिंकांना सरासरी सात दिले. सहाव्यात स्कूटर शिंकली. सहाव्या भागाचे एकूण हसू माझ्या वहीत तीन मिनिटे बत्तीस सेकंद आहे. खरे एक्केचाळीस सेकंद होते. उरलेली दोन मिनिटे एक्कावन्न सेकंद मी घरी बसून, पेन्सिलीने हसलो होतो. बायकोने बघितले होते. ती एवढेच म्हणाली, “निदान बेरीज तरी नीट करा.”

सातवा भाग हातात असताना एका रविवारी आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. भाऊंनी अचानक ताट बाजूला सारले.

“ठरलं. सातव्यात सहाव्यापेक्षा एक सेकंद जरी कमी भरला, तर मी थांबणार. साडूच्या वहीची शपथ.”

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या संकलनाच्या खोलीत ताई आल्या. ताई म्हणजे भाऊंची बायको, माझी थोरली मेहुणी. दोन खुर्च्यांची खोली आहे ती. एकीवर मी असतो आणि दुसरीवर डबे. ताईंनी डबे उचलून मांडीवर घेतले आणि बसल्या.

“मेहुणे, या वेळी वहीत काय लिहिणार?”

“जे भरेल ते.”

“ते दरवेळी लिहिता का?”

मी पडद्यावर थांबवलेल्या शिंकेकडे बघत राहिलो.

“मला नाही तुमच्या वहीतलं कळत,” ताई म्हणाल्या. “पण रस्त्यात लोक अजून ह्यांना थांबवतात. हात हातात घेतात, किल्लीचं वाक्य म्हणून दाखवतात. हे घरी येऊन सांगतात, आज चौघांनी ओळखलं. मी विचारते, सहाव्याबद्दल कोणी काही बोललं का? मग चष्मा पुसत बसतात. अर्धा तास. चष्मा झिजेल हो एखाद दिवशी.”

“मग काय करू?”

“अजून चौघे भेटताहेत तोवर थांबू दे त्यांना. आणखी दोन भाग झाले, तर लोक रस्ता बदलतील.”

डबे परत खुर्चीवर ठेवून त्या गेल्या. जाताना वळून म्हणाल्या, “आणि ती शिंक काढा. माझ्या वडिलांना आयुष्यात कधी सर्दी झाली नाही.”

मंगळवारी अकराला चाचणी झाली. मी प्रामाणिकपणे बसलो. सातव्या भागात वारलेल्या सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून शिंकतो. त्यानंतर मी सवयीने आठ सेकंदांची जागा सोडली होती. त्या आठ सेकंदांत पडद्यावरचे दोघे नट प्रेक्षकांकडे बघत होते आणि प्रेक्षक त्यांच्याकडे. कोणीतरी रेल्वेच्या बंद फाटकाशी गाडी गेली की नाही बघत थांबावे, तसे. एकूण हसू नऊ सेकंद. त्यातले चार, तिसऱ्या रांगेत एका गृहस्थांची खुर्ची त्यांच्यासकट मिटली, त्याचे.

कँटीनमध्ये भाऊ पाठ करून बसले होते. पुढ्यात तीन रिकामे कप. मी समोर गेलो. भुवया वर गेल्या.

“नऊ,” मी म्हणालो.

“सगळ्यात लांब?”

“एकूण.”

“मिनिटं?”

“सेकंद. चार खुर्चीचे आहेत.”

आता सुरुवात केलीच होती, तर पुढचे आपोआप आले. सहाव्याचे एक्केचाळीस, पाचव्याचे, चौथ्याचे; सगळे. भाऊ कपातला तळ बघत होते. मी सवयीने मनात मोजत होतो. तेवीस सेकंद. आमच्यातली ती सर्वांत लांब जागा.

“म्हणजे शिंकेला कोणी हसलंच नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“चौथ्याला एकजण हसल्यासारखा वाटला. पण त्याला स्वतःलाच शिंक येत होती.”

“आणि मी तीन भाग शिंका लिहितोय.” त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “साडू, तू तेव्हाच खरं सांगितलं असतंस, तर मी चौथ्यालाच थांबलो असतो.”

“हो.”

“मग पाचवा नि सहावा झालेच नसते.”

“नसते झाले.”

भाऊंनी कप बाजूला सारला. “मग बरंच केलंस की. पाचव्याला मजा आली होती. परदेश पडला होता तुझ्या अंगावर, आठवतं?”

मला आठवत होते. खांदा अजून दुखतो. मला एकदम हलके वाटले, आणि मी घरी कोणत्या शब्दांत सांगायचे त्याची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात भाऊंनी चष्मा परत घातला.

“थांब. शपथ काय होती? सहाव्यापेक्षा कमी भरलं तर.”

“हो.”

“सहावा एक्केचाळीस. म्हणजे सातव्याला बेचाळीस पुरतात.”

सत्याचा हा उपयोग माझ्या ध्यानात आला नव्हता.

भाऊ त्याच दुपारी माझ्या खोलीत येऊन डब्यांच्या खुर्चीवर बसले. “सगळ्या जागा बंद कर. शिंका काढ.” मी काढल्या. सिनेमा होता एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. जागा सतरा मिनिटांच्या निघाल्या आणि शिंका वीस मिनिटांच्या, कारण शिंक एकटी येत नाही. आधी नाक, मग चेहरा, मग घरचे धावतात. उरली एकाहत्तर मिनिटे. थिएटरवाले म्हणाले, दीड तासाच्या आत मी दार उघडणार नाही, लोक गाडी लावून येईपर्यंत खेळ सुटायचा.

तेव्हा भाऊंनी दोन्ही म्हाताऱ्या नटांना एका बाकावर बसवले आणि एकाला म्हणायला लावले, “तुला आठवतं का रे?” त्यापुढे मी पहिल्या भागातली वीस मिनिटे जोडली. किका, गॅलरी, किल्ली, सासूबाईंचे भांडे.

पुढच्या मंगळवारी पुन्हा चाचणी. तिसऱ्या रांगेतली खुर्ची दुरुस्त झाली होती. पहिला तासभर मी स्टॉपवॉच नुसतेच चोळत होतो. मग किका सुरू झाल्या. विसाव्या किकेला कडेचा दरवाजा उघडला आणि भाऊ आत आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. हातात चहाचा कप तसाच. ते पडद्याकडे बघत नव्हते. पाठीवर उजेड घेऊन, लोकांच्या तोंडांकडे बघत उभे होते.

सासरे गॅलरीत आले. किल्लीचे वाक्य झाले.

एकोणीस सेकंद. पोटातून. आणि या वेळी कुणाला ठसका लागला नाही.

भाऊ ओठांनी मोजत होते, मी बघितले.

एकूण हसू अडुसष्ट सेकंद. मी वहीत खरे लिहिले: पहिल्या भागाचे त्रेसष्ट, सातव्याचे पाच. भाऊंनी आकडा वाचला, बेरीज तपासली आणि वही मला परत दिली.

“सहाव्यापेक्षा सत्तावीस जास्त,” ते म्हणाले.

आठव्या भागाचे चित्रीकरण सोळा तारखेपासून आहे. ताईंनी घरातली स्कूटर द्यायला नकार दिला, तिच्यावर कपडे वाळत असतात. भाड्याने आणली आहे.