तडा गेलेला ठसा

लँकेस्टरच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा जुन्या तांब्याच्या अमेरिकन सेंट-नाण्यांची वेडी माणसं जमतात. वेडीच म्हणायची. शहाणा माणूस १७९६चा सेंट पाहून "बराच जुना दिसतो" म्हणेल आणि चिकन-मक्याच्या सुपाकडे वळेल. ही मंडळी विचारणार, कुठल्या ठशांचा? नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडत आणि त्या काळी टांकसाळीत प्रत्येक ठसा हाताने घडवत, एकेक अक्षर वेगळं ठोकून, त्यामुळे एक ठसा दुसऱ्यासारखा कधी नसायचा. मुखाचा, म्हणजे पुढच्या बाजूचा ठसा फुटला, की मागच्या बाजूच्या, पानांच्या हाराच्या ठशाची नव्या मुखाशी जोडी लावत. कोणाची जोडी कोणाशी लागली, हे शोधण्यात यांची अख्खी आयुष्यं जातात.

हेस्टर ब्रुबेकर शाळेची बस चालवायची. लिलावात घेतलेल्या बटणांच्या डब्यात तिला एक काळाकुट्ट सेंट सापडला होता. सहा आठवडे रोज ती भिंगातून त्याच्याकडे बघत होती. एका बाजूला मोकळ्या केसांची बाई, तिच्या डोक्यावरच्या 'लिबर्टी' या शब्दातलं आर हे अक्षर खाली घसरलेलं. दुसऱ्या बाजूला पानांचा हार आणि त्यावरून गेलेला लांब तडा, हीच त्या हाराची खूण. ते मुख आणि तो हार आजवर कोणी एकत्र पाहिले नव्हते. खरं निघालं तर ही नवी जोडी आणि नोंदीत शोधणारी म्हणून हेस्टरचं नाव.

पण या नाण्यांचे सर्वांत मोठे जाणकार ऑर्विल टीग यांच्या पुस्तकात लिहिलं होतं, की हा हार एकाच मुखाशी लागला आणि तिथेच फुटून संपला. टीग यांनी लिहिलं की विषय मिटला, असा त्यांचा दरारा. एकतीस वर्षांत त्या पुस्तकातली एक ओळही कोणी खोडली नव्हती.

"काय ड्रायव्हरबाई, आज बटण आणलंत म्हणे?" तिथलाच एक जुना संग्राहक ड्वाइट केसलर सुपाचा वाडगा घेऊन आला. "अहो, कोणीतरी खिळ्याने खरवडलंय ते. तडा कसला!"

"ते मिस्टर टीग सांगतील."

"सांगू देत. मग वर्षभर चिडवायला आम्ही आहोतच."

हेस्टरला हसू आलं नाही. तो म्हणत होता तेच खरं निघालं तर, याच भीतीने सकाळपासून तिने ते नाणं दहादा भिंगाखाली धरलं होतं.

टीग ऐंशीच्या पुढचे. त्यांनी टॉवेलची घडी पसरली, नाण्यावरून उंटाच्या केसांचा ब्रश हलकेच फिरवला आणि दिवा एका अंगाने धरला. नाण्यावर ओरखडा पडला तर तो आत जातो. ठशालाच तडा गेला असेल तर त्यात तांबं शिरतं आणि नाण्यावर रेघ उठते. टीग यांनी नाणं कलतं केलं, पुन्हा केलं. आपल्या पुस्तकाविरुद्ध आलेली वस्तू कोणी इतक्या मायेने हाताळताना हेस्टरने कधी पाहिलं नव्हतं.

"बटणच ना?" ड्वाइटने विचारलं.

"ड्वाइट, तुझं सूप निवतंय."

टीग उठले आणि आपल्या पेटीकडे गेले. हेस्टरचा धीरच सुटला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळं पडलेलं छोटं पाकीट होतं, वर त्यांचंच अक्षर. त्यातून निघालेला सेंट चॉकलेटी, तुकतुकीत होता. बाईच्या केसांची बट न् बट दिसत होती. तोच हार, तोच तडा आणि तेच घसरलेलं आर.

"पंचवीस वर्षांपासून माझ्याकडे आहे," टीग म्हणाले. "हार ओळखला आणि पाकिटावर जोडीचा नंबर टाकून मोकळा झालो. मुख नीट बघितलंच नाही. या हाराला एकच मुख, असं मीच लिहिलं होतं ना!"

ड्वाइट चमच्यासकट थांबला. "म्हणजे शोध तुमचाच, मिस्टर टीग! हिच्या कितीतरी आधीचा. आणि नाणंही हिच्यापेक्षा शंभरपट चांगलं."

हेस्टरने आपलं काळं नाणं उचलायला घेतलं.

"शोध?" टीग यांचा आवाज चढला. "अरे, माझ्याकडे नुसतं पडून होतं ते. दिसलं हिला!"

त्यांनी चमच्याने कप वाजवला. सगळे त्यांच्याकडे वळले.

"मंडळी, पुस्तकं काढा. पान एकशे चौदा, खालून तिसरी ओळ. ती खोडा. माझं चुकलंय."

कोणी हललं नाही. मग टीग यांनी स्वतःचं पुस्तक उघडलं, ठळक रेघ मारली आणि समासात हेस्टरचं पूर्ण नाव लिहिलं. ते बघून एकेकाने पेन काढलं. ड्वाइटनेही काढलं.

मग टीग यांनी आपली दिव्यासमोरची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले.

"आता सांगा, बाई," ते म्हणाले, "तुम्ही आधी काय बघितलंत? सावकाश सांगा. मला शिकायचंय."