चांगोच्या वरची रिकामी ओळ

हुशार पोरगी म्हणून मला नोकरी लागली आणि त्याच हुशारीने मी चांगोचं वाटोळं केलं. झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकते.

साल एक्क्याण्णव. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला क्लार्क होते, कामगारांची हजेरी ठेवायला. आमचं घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. चांगो बारवीकडच्या ठाकूरवाडीतला. त्याची आई भिकी आमच्याकडे भाताच्या लावणीला यायची, त्यामुळे तो आणि मी बांधावर एकत्रच वाढलो. कंपनीत तो टेंपररी, पोती उचलायला. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की टेंपररी माणसाला पर्मनंट करावं लागतं, असा कायदा. पर्मनंट झालं की पगारी रजा, दवाखाना, आणि उद्या गेटवरून परत पाठवणार नाहीत याची खात्री.

आदल्या वर्षी चांगोच्या मते त्याचे दोनशे एक्केचाळीस भरले होते. मस्टर म्हणालं, दोनशे अठ्ठावीस. मस्टर लिहायचे बाळाजीमामा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पानांवर चहाचे डाग, बेरीज कोणाची कमी तर कोणाची जास्त. त्याच घोळात महिपती नावाचा एक जण टाइम ऑफिसच्या साहेबांच्या नकळत दोनशे त्रेचाळीसला पोचला आणि पर्मनंट झाला. चांगो मात्र मामांशी हमरीतुमरीवर आला, तरी हाती धुपाटणंच. पुढे मामा रिटायर झाले आणि टेबल माझ्याकडे आलं. चांगो खिडकीशी येऊन म्हणाला, "गोदूताई, यंदा तू मोज. नीट मोज."

मी म्हटलं, बघच तू.

कंपनीत कॉम्प्युटर आला तशी मी सुटल्यावर उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, वासवानी सरांच्या क्लासला जायला लागले. खाली कापडाचं दुकान, वर दोन मशिनी आणि आम्ही अकरा जण. लोटस शिकायचं, म्हणजे रकाने-ओळींत आकडे मांडून हिशेब करायचा प्रोग्रॅम. मला घाई मॅक्रोची, म्हणजे एक कळ दाबली की सगळं काम मशीनच उरकतं ते. सर ऐकतील तर शपथ. "पहले बेसिक पक्का करो, बेटी." दोन महिने त्यांनी तेच घोटून घेतलं. बेरीज डोक्याने करून आकडा टाकायचा नाही, सूत्र लिहायचं. आणि मधे रिकामी ओळ सोडायची नाही. मशीन वरून खाली वाचत येतं, रिकामी ओळ लागली की यादी संपली असं धरतं. "उसको लगेगा दुकान यहीं खतम," असं सर म्हणायचे.

ते सगळं आणि शेवटी मॅक्रोही शिकून मी एकशे सत्तर टेंपररी स्प्रेडशीटवर चढवले. कोणाचा अर्धा दिवससुद्धा गळत नव्हता. चांगो रोज खिडकीशी येऊन विचारायचा, किती? एकशे नव्वद. एकशे एक्क्याण्णव. काय तोरा होता तेव्हा माझा!

साहेबांनी शीट पाहिली आणि खूश झाले. मॅक्रो आला ना आता, म्हणाले, मग दोनशे तीस ओलांडलेल्यांची यादी दर शनिवारी माझ्या टेबलावर हवी. कशाला, मी विचारलं. ब्रेक द्यायला, महिपतीसारखं परत नको. ब्रेक म्हणजे माणसाला घरी बसवायचं, तीन महिन्यांनी नव्या कार्डावर परत घ्यायचं आणि मोजणी पुन्हा एकपासून. मामांच्या घोळातून एखादा तरी निसटायचा. माझ्या शीटमधून मुंगी निसटली नसती. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

नाही म्हणायची छाती नव्हती. मी प्रोबेशनवर होते, कन्फर्म व्हायला महिना उरला होता, घरात कमावणारी मी एकटी. मॅक्रो लिहिला. फक्त चांगोचं नाव उचलून सगळ्यात खाली नेलं आणि त्याच्या वर एक ओळ रिकामी सोडली.

शनिवारी यादीत अकरा नावं आली. चांगोचे दोनशे एकतीस झाले होते, पण तो यादीत नाही. पुढच्या शनिवारी दोनशे सदतीस, तरी नाही. आता फक्त तीन दिवस, मी मनात म्हटलं, आणि त्या रविवारी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी साहेबांनी अख्ख्या शीटचा प्रिंट मागवला. बोट फिरवत खाली आले आणि थांबले. आवाजही चढवला नाही त्यांनी.

"ही ओळ मधेच रिकामी का?"

माझं कन्फर्मेशनचं पत्र टाइप होऊन तिथेच टेबलावर पडलेलं, सही तेवढी बाकी. मी सांगू शकले असते. साहेब, हा एक माणूस राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. फार तर ओरडले असते.

"चुकून राहिली, सर."

"मग काढा."

मशीनवर गेले आणि ओळ काढली. चार कळा, बस. मॅक्रो चालवला. बारा नावं आली, बारावा चांगो, दोनशे अडतीस. जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या पत्रावर सही झाली.

संध्याकाळी तो गेटवर उभा होता, कार्ड जमा करून. शिव्या खायची मी तयारीच केली होती. खरं तर त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोनशे अडतीस बरोबर व्हते?" त्याने विचारलं.

"बरोबर होते."

"बाळाजी असता तर भांडलो असतो. तू मोजलंस म्हंजे झालं." दोन पावलं गेला आणि वळला. "पुढच्या टायमालाही तूच मोज."

मी हो म्हटलं, आणि मोजलंही. पुढच्या खेपेला त्याला दोनशे एकतीसलाच घरी पाठवलं. तेव्हा ओळ रिकामी सोडावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.