अकरा ओळींची जागा

शुक्रवारी दुपारी तीन वाजता चष्मेकाका घरी आले, तेव्हा ती ओल्या कापसाने वडिलांचे ओठ पुसत होती.

चष्मेकाका साप्ताहिकाची पानं लावत. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, म्हणून चष्मेकाका. खरं नाव पगारपत्रकालाच काय ते ठाऊक. शुक्रवारी पाचला पानं छापखान्याकडे जात आणि शनिवारी उजाडायच्या आत अंक घरोघर पडे. त्यामुळे शुक्रवारी तीनला हा माणूस कचेरीबाहेर दिसणं म्हणजे आक्रीतच. त्यातून हा शेवटचा शुक्रवार. उद्याचा अंक निघाला की साप्ताहिक बंद.

ते खोलीच्या दारात थांबले. बराच वेळ पलंगाकडे बघत राहिले.

"डोळे उघडतात?"

"कालपासून नाही. डॉक्टर सकाळी येऊन गेले. आजची रात्र निघणं कठीण म्हणाले."

काका स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"पोरी, अकरा ओळी ठेवल्यात. तिसरं पान, डावा कोपरा."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तो कोपरा निधनवार्तांचा होता, आणि एकेचाळीस वर्षं तिथला शब्दन् शब्द वडिलांनी लिहिला होता. गावात कोणी गेलं की लोक आधी डॉक्टरकडे आणि मग त्यांच्याकडे येत. कचेरीत त्यांना सगळे खात्रीराव म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यामागे एक गोष्ट होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, घाईच्या वेळी, नुसत्या फोनवर विसंबून त्यांनी एका निवृत्त मास्तरांना मारून टाकलं होतं. अंक निघाल्यावर मास्तर काठी टेकत कचेरीत हजर. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मजकूर झकास आहे. वय तेवढं दोन वर्षांनी जास्त लागलंय." कचेरी हसून हसून बेजार झाली. वडील हसले नाहीत. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, स्वतःच्या नावानिशी त्यांनी दुरुस्ती छापली. तेव्हापासून नियम झाला: जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस गेला म्हणून छापायचं नाही. मग ऊन असो, पाऊस असो, सायकल काढायची, त्या घरी जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं.

आई गेली तेव्हाही त्यांनी चष्मेकाकांना बोलावून घेतलं होतं. "तू आत जाऊन बघ. मी सांगितलं म्हणून छापू नकोस." घरातली माणसं चक्रावली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि पुढे दोन वर्षं तिने ते वाक्य वडिलांना माफ केलं नव्हतं.

"मालक काय म्हणतात?" तिने विचारलं.

"मालकांचं काय! चार पानं निरोपाच्या जाहिरातींनी भरलीत. ज्यांनी उभ्या जन्मात अंक विकत घेतला नाही, ते सगळे आज गळा काढतायत. ते म्हणाले, खात्रीरावांचं आलंच पाहिजे, अर्धं पान देतो. मी म्हटलं, अर्धं पान दिलंत तर ते उठून बसतील आणि कापून अकरा ओळी करतील." काकांनी नाकावरचा चष्मा काढून पुसला. "तू लिही. दुसऱ्या कोणाच्या हातून ते बरं दिसणार नाही."

तिने लिहिलं. वाणसामानाच्या यादीमागच्या कोऱ्या कागदावर, गॅसच्या ओट्याशी उभ्याने. वडिलांची पद्धत तिला पाठ होती: विशेषणं नकोत, माणूस काय काम करायचा ते आधी, मागे कोण आहे ते शेवटी. पहिल्याच फटक्यात साडेदहा ओळी झाल्या. आयुष्यात इतकं नेटकं तिने काही लिहिलं नव्हतं, आणि हे कळलं तशी तिला स्वतःची भीती वाटली. आतून वडिलांचा श्वास ऐकू येत होता. घरघर, मग थांबा, मग पुन्हा घरघर.

फोन वाजला. दादा. तो उद्या दुपारी पोचणार होता. तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला आणि काय चाललंय ते सांगितलं.

"मग देऊन टाक ना," दादा म्हणाला. "विचार कसला करतेस?"

"दादा, बाबा अजून आहेत."

"उद्या सकाळी अंक येईल तोवर..." तो अडखळला. "तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं."

"हाकतो तर हाकतो. पण एकेचाळीस वर्षं त्या माणसाने सगळ्या गावाला पोचवलं. त्याचंच नाव यायचं नाही? पुढचा शनिवार आहे का? समज, चारसहा तासांची चूक झाली. कोण भांडायला येणार आहे? दुरुस्ती तरी कोणाला छापायचीय?"

काकांनी मान हलवली. "दादाचं खरं आहे गं. मी पण तेच म्हणत आलो इथवर." त्यांनी कागद घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला आणि ओठ हलवत वाचू लागले. सातव्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"वेळ?" त्यांनी विचारलं. सवयीने, मान वर न करता. "शुक्रवारी सायंकाळी लिहू, का शनिवारी पहाटे?"

फोनमधून दादाचा श्वास येत होता, खोलीतून वडिलांचा.

काकांनी हळूच पेन खाली ठेवलं. "वेळ नको लिहायला. 'दीर्घ आजारानंतर' म्हणू. चालतं."

"नाही चालत, काका. तुम्हाला माहितीय."

"शेवटचा अंक आहे, पोरी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "मास्तरांची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात आली. ही यायची नाही. ती तशीच राहील."

तिने हात पुढे केला. काकांनी कागद परत दिला. फोनवर दादा म्हणाला, "तुझं तू बघ," आणि मग, जरा वेळाने, "त्यांच्या कानाशी फोन धर जरा." तिने धरला. काय बोलला ते तिने ऐकलं नाही.

जाताना काका पुन्हा खोलीच्या दारात थांबले. "मी बघायला म्हणूनच आलो होतो बरं का," ते म्हणाले. "बघितलं, आणि तरी तुला लिहायला बसवलं. अक्कल गहाण पडली माझी."

पाचला पानं गेली. शनिवारी सहाला अंक आला. तिसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात टाकी धुण्यासाठी बुधवारी पाणी बंद राहणार असल्याची सूचना होती, अकरा ओळींत बरोबर बसवलेली. तिने ती वडिलांना वाचून दाखवली. बाकीचं पानही वाचलं. सव्वासातला पुढचा श्वास आलाच नाही.

सव्वा तास. तेवढा सव्वा तास ती नंतर कित्येक दिवस उलटसुलट करून बघत राहिली. आपण बरोबर वागलो याचं समाधान म्हणून काही असतं असं लोक म्हणतात. तिला ते कुठे सापडलं नाही.

पोचवायला चौदा माणसं होती. गावात बाराशे घरी अंक जायचा.

पाच आठवड्यांनी ती बँकेतून परत येत होती. न्हाव्याने दुकानातून हाक मारली. हातात वस्तरा, खुर्चीत अर्धा गाल साबणाने माखलेलं गिऱ्हाईक.

"ताई, खात्रीरावांचा पत्ता काय? दोन-तीन महिने झाले, इकडे फिरकले नाहीत. दाढी वाढवून साधूबिधू झाले की काय?"

ती पायरीवर चढली. आतापर्यंत असं नऊ जणांना सांगून झालं होतं, पण अजून सवय होत नव्हती.

"बाबा गेले," ती म्हणाली. "नऊ तारखेला. शनिवारी सकाळी सव्वासातला."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "काय सांगता! आणि मला नाही कळलं? पेपरात तर..." तो मध्येच थांबला. त्याने हात धुतले, टॉवेलने पुसले आणि बाहेर येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. गिऱ्हाईकाने आरशातून बघत विचारलं, "कोण गेलं हो?"

"माझ्या बापाच्या वेळी आले होते," न्हावी म्हणाला. "भर उन्हात. त्याला कात्री कोणी शिकवली, ते विचारून घेतलं. दुसरं कोणी विचारलं नव्हतं." त्याने रस्त्यावर इकडून तिकडे नजर टाकली. "शिंप्याला माहितीय?"

"नाही."

"घड्याळजीला?"

"नाही."

"या बाजूचं मी बघतो. तुम्ही समोर जा."

ती रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानात गेली. तिच्यापुढे दोन माणसं होती. आपली पाळी येईपर्यंत ती थांबली.

"बोला ताई," दुकानदार चिठ्ठीसाठी हात पुढे करत म्हणाला, "काय देऊ?"

"काही नको," ती म्हणाली. "सांगायला आले होते."