पुढचं वाक्य

माझा आवाज मुळातच लहान. त्यात मुलीचं शिलाई मशीन सुरू असलं की मी बोललो काय, न बोललो काय, सारखंच.

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातलं एक वाक्य मी तिला वाचून दाखवलं होतं: आईच्या पोटात असताना पोषण कमी पडलं आणि घराण्यात व्यसन असलं, तर मुलांना वयात येताना व्यसनाचा धोका अधिक असू शकतो. पुढचं वाक्य मी वाचलं, तोवर मशीन धडधडू लागलं होतं.

माझी नात जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची, म्हणून ती चिंगी. जावयाच्या दारूपायी मुलीला त्या दिवसांत धड दोन घास मिळत नसत. पुस्तकातलं वाक्य ऐकून तिने दोन्ही गोष्टी जोडल्या. तेव्हापासून चिंगी घरी आली की वेणी सारखी करायच्या निमित्ताने मुलगी तिच्या तोंडाचा वास घेऊ लागली.

चिंगीच्या ते लक्षात आलं. ती कच्चा कांदा खाऊनच घरात शिरू लागली.

"काय गं हा वास?"

"पोषण, आई."

हे हसण्यावारी चाललं असतं. पण पोहण्याच्या प्रशिक्षणासाठी चिंगीची निवड झाली. वसतिगृहात राहायचं होतं, आणि आज होकार कळवायचा होता. मुलगी म्हणाली, "नाही. रक्तातच आहे ते. तिथे कोण बघणार?"

चिंगी माझ्या खोलीत आली. "आजोबा, आग तुम्ही लावलीत, तुम्हीच विझवा."

"मी बोललो तर आणखी बिघडेल."

"बिघडायला उरलंय काय?"

मी पुस्तक घेऊन मशीनपाशी उभा राहिलो. खाकरलो. दोनदा. शेवटी चाकावर हात ठेवला. सुई कॉलरमध्ये अडकली.

"बाबा, गिऱ्हाईक येईल आता."

"पुढचं वाक्य राहिलंय," मी म्हणालो आणि वाचलं: पण धोका म्हणजे नशीब नव्हे, पोटभर अन्न, मायेचं घर आणि ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असं माणूस असलं, तर तो कमी होऊ शकतो.

मुलीने चाक उलटं फिरवून सुई सोडवली. मग म्हणाली, "मोकळं बोलते कुठे ती?"

"मैत्रिणीच्या वाढदिवसाला एकाने बीअर पुढे केली होती," चिंगी दारातून म्हणाली. "मी नको म्हटलं. तुला सांगणार होते, पण तू आधी वासच घेत बसलीस."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले ना. तुला. बीअर काही वेणी ओढत नाही."

मुलीला हसू आवरेना. "जा. पण रोज फोन करायचा, पोटभर जेवायचं. आणि कांदा बंद."

"फोनवरून वास येतो?"

कॉलरची शिवण माझ्यामुळे वाकडी गेली होती. ती उसवता उसवता मुलगी म्हणाली, "बाबा, यापुढे जरा मोठ्याने वाचत जा."