लवकर म्हणजे किती?

मी एक जुनी भाषा आहे. हसू नका, मित्रांनो! संगणकाच्या छोट्या भाषेला तीन-चार वर्षं म्हणजे बरंच वय झालं. मी राहते नंदुरबारच्या एका पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर. तिथल्या खांबावर हवेतला ओलावा मोजणारा डबा आहे. ओलावा सत्तर टक्क्यांवर गेला, की पावसाआधी मिरची झाकायला भोंगा वाजतो. कधी वाजायचं, हे त्याला माझ्यातून सांगतात.

मला बनवलं पथारीचे मालक जवरीलालशेठ यांच्या मुलीनं, चांदनीनं. सुरुवातीला तिनं मला शब्द दिले चिक्कार! काय तोरा होता माझा! पण बायका मिरचीचे देठ खुडायला बसल्या, की ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यांची मुकादम बेबीबाई मध्येच विचारायची, "हाई काय शे वं?" जो शब्द समजावून सांगावा लागे, तो चांदनी काढून टाकायची. एकाच कामाचे दोन शब्द सापडले, की त्यातला एक गेलाच. मला भारी राग यायचा. शेवटी 'तर', 'वाजव', 'थांब', 'म्हणजे' असे मूठभर उरले. वर ताकीद, "समजलं नाही तर अंदाज करायचा नाही. विचारायचं."

असं का बरं, याचं मला फार कुतूहल होतं. तेवढ्यात चांदनीचं लग्न ठरलं, सुरतेला. बेबीबाई कासावीस झाली. "तू चालनी जाशी, मंग मी कोले इचारू?" शेठ म्हणाले, "बेबीबाईला हे चालवणं जमलं नाही तर डबा भंगारात." डबा गेला, की मीही गेलेच!

चांदनी गेली. एके दिवशी गावात लग्न होतं, म्हणून कामाला बायका थोड्याच आल्या. ताडपत्र्या ओढायला वेळ जास्त लागणार. बेबीबाईनं सकाळीच मोबाइलवर एका बोटानं लिहिलं, "भोंगा लवकर वाजव."

हा शब्द माझ्याकडे नव्हताच! मी विचारलं, "लवकर म्हणजे किती?"

ती दचकली, मग हसली. "भलती चौकस शे ही!" आणि तिनं लिहिलं, "लवकर म्हणजे ओलावा साठ झाला की." अस्सं होय! झाला मला एक नवा शब्द.

दुपारी ऊन असतानाच भोंगा वाजला. बायका शेडमधून धावल्या. शेठनीही एक टोक धरलं. शेवटची ताडपत्री पडली आणि अवकाळी पाऊस कोसळला. मिरची कोरडी राहिली.

संध्याकाळी सुरतेहून चांदनीचा फोन आला. तिनं तिथून मोबाइलवर मला उघडून पाहिलं होतं. "मावशी, हा 'लवकर' कुठून आला? मी तर दिला नव्हता."

"तो मी दिन्हा," बेबीबाई म्हणाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही भाषा बनवाल. शब्द थोडेच द्या तिला. पण जिच्यासाठी बनवाल, तिलाही त्यात आपला शब्द घालता येऊ द्या. मग बनवणारी सासरी गेली, तरी भाषा पोरकी होत नाही.