भोंग्याची आगोट

लवूला एक खोड होती आणि ती सगळ्या खारवाडीला ठाऊक होती. त्याला काही उघडं राहिलेलं बघवत नसे. पावसाच्या तोंडाशी घर, लाकूडफाटा, होड्या झाकून-बांधून ठेवायच्या, ही आगोटीची कामं कोकणात सगळेच करतात. लवू मात्र आंबा पिकायच्या आधीच सुरू व्हायचा. मोटरसायकलला प्लास्टिक, प्लास्टिकवर गोणपाट, विहिरीच्या पंपाला जुना रेनकोट. एक दिवस झोपेत मलाही ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर टाकतील, असं त्याची बायको कमळा चारचौघींत सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या.

खाडीच्या तोंडाशी धक्क्यावर सरकारनं वादळाचा इशारा देणारा भोंगा बसवला, तेव्हा त्याची राखण पंचायतीचा शिपाई म्हणून लवूकडे आली. उंच लोखंडी खांब आणि वर चार दिशांना वळलेली कर्ण्यासारखी चार तोंडं. राखण म्हणजे फार काही नव्हतं. भोंगा वाजायचा तो रत्नागिरीच्या कंट्रोल रूममधून, तिथल्या मॅडमनी बटण दाबलं की. लवूनं सोलरची काच पुसायची, बॅटरीच्या पेटीचं कुलूप बघायचं, माकडं वायरी ओढतात म्हणून खांबाला बोरीच्या काट्या बांधायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणी व्हायची आणि मॅडमचा फोन यायचा, आवाज येतोय ना? लवू म्हणायचा, येतोय मॅडम. हा फोन तो नेहमी उभा राहून घ्यायचा.

गेल्या पावसाळ्यात एका तोंडात पाणी शिरलं, मग गांधीलमाश्यांनी तिथं पोळं केलं आणि भोंगा घसा बसल्यासारखा खरखरू लागला. दुरुस्तीचा माणूस उगवला तो दिवाळीनंतर. त्याच्याबरोबर आलेले साहेब सगळ्यांदेखत लवूला म्हणाले की वस्तू सरकारची असली तरी घरच्यासारखी जपायची. लवूच्या मनाला ते लागलं. घरची वस्तू पावसात कशी जपतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून यंदा मे महिन्याची चाचणी झाल्याबरोबर त्यानं निळी ताडपत्री आणली आणि पंचायतीची बांबूची शिडी खांबाला लावली. मदतीला शेजारचा आप्पा होता. आप्पाची उमर जहाजावर गेलेली, आता निवृत्त होऊन कौलं चाळणं आणि लोकांच्या कामात चुका काढणं एवढाच उद्योग. लवूच्या गाठी बघून त्याला राहवेना. तो स्वतः वर चढला आणि जाळ्याच्या दोरीनं अशा गाठी मारल्या की ओढाल तेवढ्या आवळत जाव्यात. भोंग्याची चारही तोंडं बारशाच्या बाळासारखी गुंडाळली गेली. आवाजाचं काय, हे लवूच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण वादळ काही न सांगता येत नाही, दोन दिवस आधी फोन येतात, टीव्हीवर नकाशे येतात. तेव्हा चढून सोडू, आणि चाचणीच्या सकाळीही सोडू, असं त्यानं ठरवलं होतं. येता-जाता सगळ्या गावानं ती ताडपत्री बघितली आणि वा म्हटलं. शिडी आप्पा घेऊन गेला, त्याला घराची कौलं चाळून पुन्हा नीट बसवायची होती.

मे संपत आला होता. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या होत्या, मशिनं काढून ग्रीस लावून घरात ठेवली होती. पाऊस दोन दिवसांनी येणार म्हणत होते. ओहोटी मोठी होती, म्हणून चौघी बायका वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला दांड्यावर निघाल्या. दांडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पट्टी. मधला पाण्याचा पाट गुडघाभर असतो तेव्हा जायचं आणि तो भरायच्या आत परतायचं. चौघींत कमळा होती आणि आप्पाची बायको सखू होती. सखू लवूच्या दारावरून जाताना थांबली. आभाळाकडे बघून तिनं विचारलं, "भाऊजी, काय झालं तर भोंगा वाजल ना?"

"वाजल तर," लवू म्हणाला. "मी हाय ना हितं."

हे तो मनापासून बोलला. नंतर त्याला तेच सगळ्यात जास्त छळत राहिलं.

दुपार व्हायच्या आधी दर्याकडून आभाळ काळं झालं. लवू पंचायतीत सरपंचांच्या खुर्चीला प्लास्टिक घालत होता. फोन वाजला. मॅडम घाईत होत्या. वारं अंदाजापेक्षा लवकर आणि जोरात येत होतं, सगळ्या किनाऱ्यावरचे भोंगे त्यांनी सुरू केले होते. "आवाज येतोय ना?"

"येतोय, मॅडम," लवू म्हणाला.

सवयीनं म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्यानं ऐकायला कान दिला. शेजारच्या घरात मिक्सर लागावा तेवढी घरघर येत होती. फोन केव्हाच बंद झाला होता. परत लावला तर लागेना, तिकडे एकाच वेळी सगळ्या गावांचे फोन चालले असणार.

तो धावला. धक्क्यावर वारा अंगावर येत होता आणि वर निळ्या गाठोड्यात भोंगा जीव तोडून गुरगुरत होता. समोर दांड्यावर चौघी वाकून वाळू उकरत होत्या, पाठी दर्याकडे, डोक्यावरून पदर ओढलेले. फोनवरही सरकारचा संदेश आला होता म्हणे, पण पाण्यात जाताना फोन कोण नेतं? कमळाचा फोन घरी फळीवर वाजून गप्प झाला होता. लवूनं बोंब मारली. वाऱ्यानं ती त्याच्याच तोंडात परत कोंबली. सदरा काढून तो हलवत राहिला, पण बघायला कुणी मान वर करायला हवी होती.

शिडी आप्पाकडे. होड्या झावळ्यांखाली, मशिनं घरात. गावानं कधी नव्हे एवढी नीट तयारी केली होती आणि त्या तयारीतली एकही वस्तू हाताशी नव्हती. लवूनं खांबाला मिठी मारली. त्यानंच बांधलेल्या बोरीच्या काट्या त्याच्या तळव्यांत आणि छातीत घुसल्या. माणसाच्या उंचीएवढा चढला आणि सरकून खाली आला. परत चढला, परत आला. हात रक्तानं निसरडे झाले तेव्हा तो उठून आप्पाच्या घराकडे सुटला.

आप्पा कौलांवर होता. घर चढणीवर, वरून सगळी खाडी दिसत होती. तो काम थांबवून उभा राहिला होता आणि दांड्याकडे बघत होता.

"आप्पा, शिडी!"

"बायका निघत का नाय?" आप्पानं विचारलं. मग त्याची नजर धक्क्यावरच्या निळ्या गाठोड्यावर गेली आणि तो खाली उतरला.

दोघांनी शिडी उचलली. लांब बांबूची शिडी वाऱ्यात धरणं म्हणजे म्हशीला शिंगाला धरून नेणं. ती कधी लवूला भिंतीवर नेऊन आपटायची, कधी आप्पाला गडग्यावर. पाऊस सुरू झाला होता. वाटेत दोन-चार माणसं मदतीला आली. कुणी होडीवरच्या झावळ्या उपसू लागलं, कुणी मशीन आणायला घरात पळालं. धक्का शंभरेक पावलांवर राहिला असेल तेव्हा वाऱ्यानं ताडपत्रीत हात घातला. आप्पाच्या गाठी सुटल्या नाहीत, एकही नाही. ताडपत्रीच मधून फाटली आणि फडफडत खाडीवर उडून गेली. आणि भोंगा उघडा झाला.

आख्ख्या वाडीत तो आवाज भरला. कुत्री भुंकायला लागली, माणसं दारात आली. दांड्यावरच्या चौघी एकदम ताठ झाल्या. वळल्या. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधला पाट तोवर भरून वाहत होता.

लवू आणि आप्पा शिडी धरून उभे राहिले. आता तिचा काही उपयोग नव्हता तरी दोघांपैकी कुणी ती खाली ठेवली नाही. चौघी हातात हात धरून पाण्यात शिरल्या. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मध्ये जाळी बांधायचा जुना खुंट होता, तिथवर तिघी पोचल्या, चौथी कमळाचा हात धरून अजून मागे पाण्यात होती. लाट आली आणि गेली. खुंटाला तिघीच होत्या.

होडी पाण्यात उतरली तेव्हा तिघींना काढता आलं. कमळाच्या मुठीत सखूच्या बांगडीचा तुकडा होता, तो तिच्या हातात एवढा रुतला होता की काढायला डॉक्टर लागले. सखू दुसऱ्या दिवशी खडपात, किनाऱ्याच्या खडकांत, सापडली.

वारा शांत झाल्यावर मॅडम स्वतः आल्या. भल्या बाई, डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांनी गावाला समजावून सांगितलं की भोंगा वेळेवर सुरू झाला होता, आवाज येत असल्याची खात्री लवूदादांकडून करून घेतली होती, आणि तरीही एक जीव गेला. तर इथून पुढे भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून निघायचं. गावानं माना डोलावल्या. त्या दिवसापासून सखूचं नाव निघालं की लोक हळहळायचे आणि पुढे जोडायचे, भोंगा वाजला तरी निघाली नाही हो, टोपली भरायची होती ना.

लवूनं लोकांना सांगून बघितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, देवळाच्या पायरीवर सांगितलं की भोंगा आधी वाजतच नव्हता, मी त्याचं तोंड बांधलं होतं. लोक त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघायचे आणि म्हणायचे, तू उगाच मनाला लावून घेतोस, आम्ही सगळ्यांनी आमच्या कानांनी ऐकला. खरंच ऐकला होता. त्यांना तो उघडा झाल्यानंतरचाच आठवत होता.  घरात एकदाच कमळानं विचारलं, तुमी ती ताडपत्री बांधली तवा मी वर बगून हसले व्हते ना? मग भांडी घासायला गेली.

बारावं झाल्यावर लवू आप्पाच्या दारात जाऊन बसला. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून गेला होता, ते सांगता सांगता अर्ध्यातच विसकटलं.

"गाठी माज्या व्हत्या," आप्पा म्हणाला. "शिडी माज्याकडं व्हती. तू काय माजी माफी मागतंस?"

 मग आप्पा म्हणाला, "लोक बोलतात, सखूनं ऐकलं नाय. तेवडं त्या मॅडमबाईला सांग, लवू. तिनं सांगितलं की लोक मानतील. माजं दुसरं काय मागनं नाय."

मॅडमचा फोन लागत नव्हता. पावसाचे दिवस, त्यांच्यामागे सगळा जिल्हा. रत्नागिरीला जाऊन आला तर त्या दौऱ्यावर. पण चाचणीचा सोमवार पावसानं पुढे ढकलला होता तो आता यायचा होता आणि त्या दिवशी फोन यायचाच होता. लवूनं ठरवलं, तेव्हा सांगायचं. आप्पा सकाळीच शिडी घेऊन धक्क्यावर आला. ती त्यानं खांबाला लावली, खाली पक्की बांधली आणि शेजारी बसला.

भोंगा वाजायला लागला. चारही तोंडं उघडी, आवाज छातीत घुसणारा. लवूचा फोन थरथरला. तो उभाच होता.

"आवाज येतोय ना, लवूदादा?"

"आज येतोय, मॅडम. त्या दिवशी येत नव्हता. मी ताडपत्री बांधली होती. सखूला ऐकूच आलं नाही, मॅडम. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"काय? काय म्हणताय?"

तो ओरडला. पुन्हा सगळं ओरडून सांगितलं, शिरा ताणून, डोक्यावर भोंगा ओरडत असताना.

"अहो, भोंग्यात काही कळत नाहीये," मॅडम हसून म्हणाल्या. "एकदम मस्त येतोय की आवाज. ठेवते, पुढचं गाव आहे." आणि फोन बंद झाला.

भोंगा हळूहळू उतरत गेला आणि थांबला. लवूनं परत नंबर लावला. लाइन व्यस्त होती. आप्पा बसल्या जागेवरून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं," लवू म्हणाला. "तिला ऐकू नाय आलं."