साबुदाण्याच्या डब्यातला समुद्र

"माणसाने समुद्रात जे जे फेकलं, ते ते समुद्राने त्याला परत केलं आहे, आणि तेही सुधारून," हरिदास टिपणीस बाल्कनीतून म्हणाले.

"तो डबा साबुदाण्याचा आहे," कुसुमावती स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात थोर विचारांना साधारण एवढाच अवधी मिळतो.

हरिदास अंडर सेक्रेटरी होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या मतांखाली 'सहमत' लिहिलं. स्वतःचं पहिलं मत त्यांना झालं ते अंदमानात. केंद्र सरकारचा माणूस एलटीसी घेऊन अंदमानला जातोच. विमानाचं भाडं सरकार देत असताना समुद्र आवडत नाही म्हणणं शिस्तीला धरून होत नाही. सगळे काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघायला गेले. हरिदासांना बोट लागते, म्हणून ते सगळ्यांच्या चपला सांभाळत किनाऱ्यावर बसले.

तिथे वाळूत एक हिरवा तुकडा दिसला. कुठल्याशा बाटलीची काच, पण लाटांनी घासून कडा गोल झालेल्या आणि अंगावर पिठीसाखरेसारखी साय. त्यांनी तो गालाला लावून पाहिला आणि उठून चालू लागले. पुढचे सगळे दिवस, बेटामागून बेट, ते वाकूनच चालले. चपला अजून मिळालेल्या नाहीत.

बेटांवरून शंख-पोवळी नेता येत नाहीत, म्हणून परतताना विमानतळावर जवानाने बॅग उघडली.

"ये क्या है, अंकल?"

"काँच है."

"काँच मतलब? कचरा?"

हरिदासांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा काचेकडे. "जी. कचरा है."

काच सुटली, पण शेजारी कुसुमावती उभ्या होत्या. तेव्हापासून दिवाणावर वर्तमानपत्र पसरून तुकडे रंगवार मांडले जायचे आणि मागून आवाज यायचा, "तुम्हीच म्हणालात ना, कचरा है?" शेवटी मुदत ठरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिवाण रिकामा, काच घराबाहेर.

हळदीकुंकवाच्या दिवशी दिल्लीत समोरची इमारत दिसत नव्हती. वाणाला मागवलेल्या स्टीलच्या वाट्या धुक्यात मथुरेजवळ अडकल्या होत्या. सोमवार, म्हणून सरोजिनी नगरचा बाजार बंद. आणि पहिल्यांदाच जॉइंट सेक्रेटरींच्या पत्नी अलकनंदाबाई यायच्या होत्या.

कुसुमावती खुर्चीत बसल्या. "बायकांना रिकाम्या हाताने पाठवू? जन्मभर ऐकवतील हो."

हरिदासांनी थोडा वेळ दिवाणाकडे पाहिलं. मग सगळे तुकडे साबुदाण्याच्या डब्यात भरले आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे दे."

"सवाष्णींना फुटकी काच?"

"अंगठा फिरवून बघ, कुठे लागते का."

त्यांनी फिरवला. तेवढ्यात बेल वाजली.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाची जागा आतल्या खोलीत असते. हरिदास माकडटोपी घालून पडद्यामागे बसले. अत्तर झालं, तिळगूळ झाला, मग समोरच्या वासंतीचा आवाज आला.

"अगं कुसुम, ही तर बाटलीची काच. सणाला फुटकी काच देतं का यार कुणी?"

हरिदासांनी डोळे मिटले. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं.

"फुटली होती, तेव्हा पाण्यात पडली," कुसुमावती म्हणाल्या. "त्याला तुझ्या-माझ्या लग्नाहून जास्त वर्षं झाली असतील. समुद्राने आपटली, घासली, खाऱ्यात मुरवली. आता अंगठा फिरव. लागते? नाही ना? मग संसारी बाईला याहून चांगलं वाण काय देऊ गं?"

मग अलकनंदाबाई म्हणाल्या, "कुसुमताई, मला निळा. बिल्कुल निळाच हवा."

पुढे जे झालं त्याला झुंबड म्हणतात. ट्यूबलाइटसमोर तुकडे धरले गेले. वासंतीने आपला दोनदा बदलला. आणि हळदीकुंकवाला सहसा घडत नाही ते घडलं: यजमानीणबाईंच्या मिस्टरांना बाहेर बोलावलं गेलं. तपकिरी कशातून येतो, पांढरा इतका मऊ कसा होतो, हरिदास सांगत राहिले. वरून कुणाची सही नको होती. "अच्छा," अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या खोलीने 'सहमत' अशी मान हलवली.

सगळ्या गेल्यावर हरिदासांनी स्वेटरच्या खिशातून पहिला हिरवा तुकडा काढून रिकाम्या डब्यात टाकला. तो एकटाच वाजला.

"लपवला होतात?"

"हो."

कुसुमावतींनी तो उचलला, गालाला लावला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. "पुढच्या वर्षी सगळ्यांना निळे हवेत. परत जावं लागेल."

हरिदासांची छाती माकडटोपीपर्यंत फुगली. "समुद्र माणसाला..."

"ते सांगा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी तेवढा डबा घासून द्या. उद्या माझा उपास आहे."